पावसाचा हिशेब: शेतीतील जोखीम-नियोजनाची संगणकीय साधने

२०२५ साली नैर्ऋत्य मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि अवघ्या दोन दिवसांत, २६ मे रोजी मुंबईत दाखल झाले. मुंबईत मोसमी पाऊस इतक्या लवकर दाखल झाल्याची नोंद यापूर्वी नव्हती. मे महिन्यातच शिवारे भिजली, काही ठिकाणी वाफसाही आला आणि पेरणीचा मोह होणे स्वाभाविक होते. मात्र त्यानंतर मोसमी वाऱ्यांची वाटचाल जवळपास अडीच आठवडे थबकली. पुरेसा पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे आवाहन कृषी विभागाला करावे लागले. पुढे सप्टेंबरमध्ये त्याच हंगामात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, अनेक ठिकाणी जमीन खरवडून निघाली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले.

या एका हंगामाने शेतकऱ्यापुढे तीन प्रश्न ठेवले. पेरणी केव्हा करावी? मध्येच पावसाने ओढ दिली तर पिकाला पाणी कोठून द्यावे? आणि नुकसान झालेच, तर ते किती झाले हे कोणी आणि कशावरून ठरवावे? पूर्वी या प्रश्नांची उत्तरे नक्षत्रे, जाणत्यांचा अनुभव आणि महसूल खात्याची पैसेवारी यांतून मिळत. आता त्यांच्या जोडीला स्वयंचलित हवामान केंद्रे, उपग्रहांची छायाचित्रे, संगणकीय प्रारूपे आणि मोबाइलवरील अॅप आली आहेत. राज्यातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ८० टक्के क्षेत्र कोरडवाहू आहे. त्यामुळे तूरडाळीच्या भावापासून सरकारी तिजोरीवरील भारापर्यंत अनेक गोष्टी या साधनांच्या अचूकतेशी जोडल्या गेल्या आहेत. ही साधने कोणती, ती चालतात कशी आणि कोठे अपुरी पडतात, याचा हा आढावा.

जिल्ह्याकडून गावाकडे

हवामानाची जोखीम म्हणजे केवळ कमी किंवा जास्त पाऊस नव्हे. धोका किती मोठा आहे, त्याच्या टप्प्यात किती क्षेत्र व किती लोक येतात आणि तो सोसण्याची ताकद त्यांच्यात किती आहे, या तीन बाबी मिळून जोखीम ठरते. सिंचनाची सोय असलेल्या गावात तीन आठवड्यांचा खंड ही अडचण असते. हलक्या जमिनीच्या कोरडवाहू गावात तेवढाच खंड हंगाम संपवतो.

याच पद्धतीने हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची वर्गवारी केली. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ मध्ये हवामान-अनुकूल शेतीसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला होता, त्याचाच हा भाग. २०१९ च्या या वर्गवारीनुसार १०९ जिल्हे अतिशय जास्त, तर २०१ जिल्हे जास्त जोखमीचे ठरले. धोरण आखण्यासाठी व निधी वाटपासाठी असा नकाशा उपयोगी असतो. शेतकऱ्याला मात्र जिल्ह्याचा नकाशा फारसा कामाचा नाही. एकाच तालुक्यात एका बाजूला धो-धो पाऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडे आभाळ, हा अनुभव नेहमीचा आहे. म्हणूनच गेल्या काही वर्षांतील प्रयत्न मोजमापाचे एकक लहान करण्याच्या दिशेने झाले. जिल्ह्याकडून तालुक्याकडे, तालुक्याकडून महसूल मंडळाकडे, मंडळाकडून गावाकडे आणि शेवटी सातबाऱ्यावरील गटाकडे.

मोजणी: ‘महावेध’ आणि महसूल मंडळ

महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला. ‘स्कायमेट’ या खासगी कंपनीच्या सहभागातून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी घेण्याची त्यात व्यवस्था आहे. पर्जन्यमापकात ठरावीक पाणी साचले की आतील छोटे पात्र कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. सौरऊर्जेवर चालणारे हे यंत्र मोबाइलच्या जाळ्यातून माहिती मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते. माणसाने सकाळी जाऊन नळीतील पाणी मोजावे, ही जुनी पद्धत अद्याप आहेच. पण पाऊस रात्री किती वाजता आणि किती जोराने पडला, हे तिच्यातून कळत नसे.

या नोंदीला आज आर्थिक वजन आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी झाली, असे राज्यात मानले जाते. पंचनामे आणि मदत यांची दिशा बऱ्याच अंशी या आकड्यावरून ठरते. म्हणजेच ६६ आणि ६४ यांतील दोन मिलिमीटरचा फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा असतो.

राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. त्याला केंद्रांच्या संख्येने भागले, तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. ढोबळमानाने बारा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा हा टापू. पावसाळ्यातील गडगडाटी ढगाचा विस्तार अनेकदा याहून लहान असतो. समजा, केंद्र असलेल्या गावात ४० मिलिमीटर पाऊस झाला आणि आठ किलोमीटरवरील गावात ९० मिलिमीटर झाला, तर दुसऱ्या गावाच्या नावावरही ४० मिलिमीटरच लागतात. मग तेथील शेतकऱ्याला वाहून गेलेला बांध दाखवून आपले नुकसान पटवून द्यावे लागते.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ ही योजना पुढे आणली. तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. मंडळांची संख्या लक्षात घेता हे काम किती मोठे आहे, याची कल्पना येते. शिवाय यंत्र बसवणे हे अर्धेच काम आहे. पर्जन्यमापकाभोवती झाड किंवा भिंत असल्यास तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे लागते. पात्रात पालापाचोळा अडकला किंवा कोळ्याने जाळे विणले, तरी नोंद चुकते. देखभालीला माणूस आणि पैसा लागतोच.

अंदाज: आकाशवाणीपासून ग्रामपंचायतीपर्यंत

हवामानाच्या अंदाजाचा शेतीसाठी उपयोग ही नवी कल्पना नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त प्रसारित होऊ लागले. १९७६ मध्ये राज्यवार कृषी हवामान सल्ला आणि २००८ मध्ये जिल्हावार सल्ला सुरू झाला. आजही दर मंगळवारी व शुक्रवारी हा सल्ला निघतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञ पुढील पाच दिवसांच्या अंदाजाला पिकाच्या अवस्थेची जोड देऊन तो मराठीत तयार करतात. फवारणी पुढे ढकलावी की काढलेले पीक झाकावे, असे त्याचे स्वरूप असते.

२०१९ मध्ये आलेल्या ‘मेघदूत’ अॅपमुळे हा सल्ला मोबाइलवर मिळू लागला. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप विजेचा इशारा देते. शेतात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते जीव वाचवणारे साधन आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज देण्यास प्रारंभ झाला. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे नवे प्रारूप कार्यान्वित झाले. पूर्वीच्या प्रारूपात १२ किलोमीटरचा चौकोन हे एकक होते, नव्यात ते ६ किलोमीटरवर आले.

२०२५ च्या खरिपातील आणखी एक प्रयोग उल्लेखनीय आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूपांच्या साह्याने मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज काढला आणि तो १३ राज्यांतील ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना लघुसंदेशाने कळवला. हे संदेश मराठीसह पाच भाषांत होते. पाऊस मध्येच थांबणार असल्याची चिन्हे या प्रारूपांनी आधी टिपली होती. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी पेरणीविषयीचे निर्णय बदलल्याचे सांगितले. बियाणे आणि खत एकदा मातीत गेले की ते परत मिळत नाही. दुबार पेरणी म्हणजे तोच खर्च पुन्हा आणि तोही बहुधा उसनवारीवर. ती टळली, तर एका लघुसंदेशाचे मोल कित्येक पटींनी वसूल होते.

कीड-रोगांचा अंदाज हा याच साखळीतील दुवा. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. निवडक शेतांतील किडींची नियमित मोजणी करून ती संगणकावर नोंदवायची आणि नुकसानीची पातळी ओलांडण्याआधी सल्ला द्यायचा, अशी त्याची रीत आहे.

ताळेबंद: गावाच्या पाण्याचे जमाखर्च

अंदाज पाच-दहा दिवसांचा असतो, नियोजन हंगामाचे असते. त्यासाठी गावात पडलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे कळावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा दोन दशकांपूर्वीच सुरू केली. तेथे साधने साधी होती: पर्जन्यमापक, विहिरींतील पाण्याची पातळी आणि कागद. हीच रीत हजारो गावांत नेण्यासाठी संगणकाची गरज पडली.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलेला ‘पोकरा’, हे त्याचे ठळक उदाहरण. जागतिक बँकेने २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाडा व विदर्भातील अवर्षणप्रवण भाग, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि जळगाव जिल्हा अशा टापूतील पाच हजारांहून अधिक गावे पहिल्या टप्प्यात निवडण्यात आली. दुसऱ्या टप्प्यासाठी २१ जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक गावांची निवड झाली.

या प्रकल्पासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पाण्याच्या ताळेबंदाचे संगणकीय प्रारूप विकसित केले. त्यामागील गणित समजण्यास अवघड नाही. पडलेल्या पावसाचा एक भाग उतारावरून वाहून जातो, एक भाग मातीत ओलाव्याच्या रूपाने राहतो, एक भाग पीक वापरते आणि उरलेला खोल झिरपून भूजलात जातो. मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, जमिनीचा वापर आणि पीक यांची माहिती नकाशांवरून घेतली जाते. त्यावर मंडळातील रोजचा पाऊस टाकून हे चार भाग दिवसागणिक काढले जातात. पिकाला हवे असलेले पाणी आणि प्रत्यक्षात मिळालेले पाणी यांतील तफावत ही त्या पिकाची तूट.

आकड्यांत सांगायचे, तर एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एक हजार हेक्टरच्या गावात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावावर ७०० कोटी लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून टंचाई का भासावी, असे वाटेल. पण खोल काळ्या जमिनीत ओलावा बराच काळ टिकतो, तर माथ्यावरच्या मुरमाड जमिनीत तो आठवडाभरात ओसरतो. एकाच गावात, एकाच पावसात खालच्या शेतातील कापूस हिरवा असतो आणि वरच्या शेतातील माना टाकतो. सरासरीने झाकलेला हा फरक ताळेबंदात गावाचे भाग पाडल्यामुळे दिसू लागतो.

यातून निर्णय कोणते होतात? शेततळे कोठे घ्यावे, रुंद सरी-वरंबा पद्धत कोणत्या भागात आधी न्यावी, संरक्षित सिंचनासाठी किती पाणी राखावे, हे खरिपाचे निर्णय. पावसाळा सरताना रब्बीचा निर्णय असतो. गव्हाला साधारणतः चार ते सहा पाळ्या लागतात, हरभरा एक-दोन पाळ्यांवर निभावतो. शिल्लक पाणी कमी असेल, तर गव्हाचे क्षेत्र आवरण्यात शहाणपण असते. मात्र कोणी आवरायचे, हे संगणक सांगत नाही. आपण गहू सोडला आणि शेजाऱ्याने नवी कूपनलिका घेतली, तर काय, हा प्रश्न ग्रामसभेतच सुटावा लागतो.

भरपाई: नोंदीवरून मदतीकडे

दुष्काळ जाहीर करण्याचे निकषही आता संगणकीय नोंदींवर आधारले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट आणि खंड यांच्याबरोबर पिकांची हिरवाई दाखवणारा उपग्रहीय निर्देशांक, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांचा विचार होतो. हिरवे, जोमदार पीक लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण परावर्तित करते. सुकलेल्या पिकात हे प्रमाण बदलते आणि त्यावरून उपग्रहाला पिकाची स्थिती ओळखता येते. महाराष्ट्राने हे निकष एकत्र पाहण्यासाठी ‘महामदत’ ही संगणकप्रणाली वापरली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

२०२३ मध्ये ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तेव्हा तालुक्याच्या सरासरीत आपली गावे हरवली, अशी तक्रार अनेक भागांतून झाली. नोव्हेंबरमध्ये सरकारने १ हजार २१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, असा निकष होता. एकक लहान झाले की कोण मदतीस पात्र ठरतो, याचे चित्र कसे पालटते, याचे हे उदाहरण होय.

पीक विम्यातही हेच दिसते. फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात बागेची प्रत्यक्ष पाहणी हा मुख्य आधार नसतो. मंडळातील केंद्राने नोंदवलेले तापमान, अवकाळी पाऊस किंवा वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई देय होते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहीय तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के भार देण्यात आला. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सुरू झालेली एक रुपयातील विम्याची सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोग ठरला. म्हणजेच यंत्राच्या जोडीला विळा आणि वजनकाटा अद्याप आहेच.

उणिवा कोठे?

पहिली उणीव माणसांची. जिल्हावार सल्ल्याच्या खाली तालुका पातळीवर सल्ला देण्यासाठी २०१८ पासून देशात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली. २०२४ च्या प्रारंभी ती बंद करण्यात आली. माहिती स्वयंचलित झाल्यावर तिचा अर्थ लावणारा माणूस अनावश्यक होतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. पावसाची शक्यता ६० टक्के, या वाक्यावरून फवारणी करावी की नाही, हे सांगायला पीक आणि शिवार जाणणारा कोणी तरी लागतो.

दुसरी उणीव नोंदीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र घेऊन सातबाऱ्यावर नोंद करतो. ही नोंद नसेल, तर मदत, विमा आणि सरकारी खरेदी यांत अडथळे येतात. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही, ज्या पाड्यावर जाळे पोहोचत नाही आणि जो दुसऱ्याची जमीन बटाईने कसतो, तो या व्यवस्थेत मागे पडतो. शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या महिलांचीही हीच स्थिती आहे. जोखीम ज्यांची सर्वाधिक, त्यांचीच नोंद सर्वांत पुसट, असा हा विरोधाभास आहे.

तिसरी उणीव पडताळणीची. केंद्राने दिलेला आकडा चुकीचा वाटला, तर शेतकऱ्याने दाद कशी मागावी, याची वाट सोपी असायला हवी. गावातील शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधा पर्जन्यमापक ठेवून रोजचा आकडा फळ्यावर लिहिला, तर यंत्राच्या नोंदीशी तो ताडून पाहता येईल. त्याला खर्चही फारसा येत नाही.

अंदाज सुधारले, एकके लहान झाली, उपग्रहांची नजर शिवारापर्यंत पोहोचली, ही प्रगती नाकारता येणार नाही. पाऊस किती पडेल हे या साधनांनी बदलत नाही. पडलेल्या आणि न पडलेल्या पावसाचा हिशेब मात्र त्यांनी नोंदवहीत आणला आहे. ती वही शेतकऱ्याला वाचता यावी आणि चुकली तर दुरुस्त करून घेता यावी, तरच तिचा उपयोग नियोजनाला होईल.

चौकट: कोणते साधन कशासाठी?

महावेध: महसूल मंडळनिहाय पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद.

मेघदूत: जिल्हा व तालुक्याचा हवामान अंदाज आणि पीकनिहाय सल्ला, मराठीसह विविध भाषांत.

दामिनी: परिसरात वीज पडण्याच्या शक्यतेचा पूर्वइशारा.

क्रॉपसॅप: प्रमुख पिकांवरील कीड-रोगांचे सर्वेक्षण व सल्ला.

ई-पीक पाहणी: सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मदत व विम्यासाठी आधार.

महामदत: दुष्काळाच्या निकषांचे एकत्रित मूल्यमापन.

महाविस्तार: राज्याच्या कृषी विभागाचे २०२५ मध्ये सुरू झालेले अॅप. शेतीविषयक प्रश्न मराठीतून विचारण्याची सोय.